आईची शुगर रात्री ४६ झाली, इन्सुलिन बंदच ठेवू का?

कृष्णाकाठचा

नमस्कार सगळ्यांना. मी पुण्यात असतो, आई आणि अण्णा कराडजवळ गावाकडं. आईचं वय ६७, शुगर सतरा वर्षांपासून, वजन ४७ किलो. गोळ्या चालू होत्या पण गेल्या दिवाळीनंतर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) १०.४ आला आणि डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं, मिक्सवालं ३०/७० (लवकर आणि संथ काम करणारं एकत्र), सकाळी १६ पॉईंट म्हणजे युनिट आणि संध्याकाळी १०. सोबत मेटफॉर्मिन. अण्णाच भरून टोचतात कारण आईला सिरींजवरचे बारीक आकडे दिसत नाहीत. चार महिने अगदी सुरळीत चाललं होतं, उपाशीपोटीची शुगर १३०-१४० ला आली होती, रात्री चार-चार वेळा उठायला लागायचं ते पण थांबलं होतं.

मागच्या रविवारी संध्याकाळी सातला नेहमीसारखं इंजेक्शन दिलं, साडेसातला भाकरी-आमटी-भात खाल्ला, म्हणजे जेवण पण चुकलेलं नाही. रात्री दीडला अण्णांना जाग आली तर आई दरदरून घामानं भिजलेली, हात थरथरतायत आणि बरळत होती, वारलेल्या मावशीला हाका मारत होती. मीटरवर ४६. अण्णांनी साखरपाणी पाजलं, वीस-पंचवीस मिनिटांनी माणसात आली. अण्णा इतके घाबरले की तेव्हापासून इंजेक्शनच बंद केलंय. आज गुरुवार, सकाळची शुगर ३१२.

आता प्रश्न असा की १० च्या जागी ५ पॉईंट करून परत सुरू करावं का? की डोस आईला जास्तच झाला होता? औषध बदललंय असं पण नाही, फक्त यावेळी मेडिकलमध्ये नेहमीची बाटली शिल्लक नव्हती म्हणून छोटी काचेची नळी दिली, पण कंपनी तीच, ३०/७० च, अण्णांनी दोनदा विचारून घेतलं. आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं नवीन इंजेक्शन आलंय म्हणतात ते आईला चालेल का? अण्णा तर आता म्हणतात सुईच नको, गोळ्याच बऱ्या होत्या. खरंच काही सुचत नाहीये, मी इथून रोज फोनवर फक्त आकडे ऐकतोय.

---

मिरजेची सिस्टर

दादा, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी अण्णांना फोन करून दोन गोष्टींचे फोटो मागवा. एक, त्या काचेच्या नळीवरचं लेबल, त्यावर एका एमएलमध्ये किती आययू म्हणजे युनिट लिहिलंय ते, ४० की १००. दुसरं, अण्णा ज्या सिरींजनं भरतात तिच्या टोपणाचा रंग आणि तिच्यावर यू-४० छापलंय की यू-१००. फोटो आल्याशिवाय त्या नळीतलं एक थेंबसुद्धा आईला देऊ नका.

---

कृष्णाकाठचा

फोटो आले ताई. नळीवर १०० आययू लिहिलंय, ३ एमएलची आहे. सिरींज लाल टोपणाची, यू-४०. जुनी रिकामी बाटली अण्णांनी ठेवलीय, तिच्यावर ४० आययू, १० एमएल. म्हणजे नक्की काय झालं?

---

मिरजेची सिस्टर

तेच झालं ज्याची भीती वाटत होती. नीट वाचा आणि अण्णांना पण वाचून दाखवा, पण आधी सांगते, अण्णांना दोष देऊ नका, त्यांनी रोज करतात तेच केलं, त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदीत मिळतं. बाटलीत जे बहुतेक येतं ते ४० चं, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट, १० एमएलच्या बाटलीत ४०० युनिट. तुम्ही जिला नळी म्हणताय ती इन्सुलिन टोचायच्या पेनची रिफिल आहे, ती बहुतेक १०० ची असते, ३ एमएलमध्ये ३०० युनिट. लाल टोपणाच्या सिरींजवरचे आकडे फक्त ४० च्या बाटलीसाठी छापलेले असतात. लाल सिरींजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं की पाव एमएल औषध येतं. ४० च्या बाटलीतून ते बरोब्बर १० युनिट. पण १०० च्या रिफिलमधून तेच पाव एमएल काढलं की २५ युनिट. आईला रविवारी रात्री १० नाही, २५ युनिट गेलंय, अडीच पट. सोमवारी सकाळी अण्णांनी घाबरून दिलं नाही हे देवाची कृपा, नाहीतर १६ च्या जागी ४० गेलं असतं.

म्हणून आईचा डोस जास्त नव्हता, डॉक्टरांचा १० बरोबरच होता, चार महिने त्याच डोसवर शुगर छान होती ना. तुम्ही आता १० चे ५ करून त्याच रिफिलमधून लाल सिरींजनं दिलं तर आईला साडेबारा जातील आणि आपण डोस कमी केलाय असं समजून घरचे निर्धास्त राहतील, ते तर अजून धोक्याचं.

आता आज काय करायचं. डॉक्टरांना आजच फोन करा, उद्यावर ढकलू नका, हे सगळं जसंच्या तसं सांगा, चार दिवस औषध बंद आहे आणि ३१२ आहे हे पण सांगा. परत कधी आणि किती सुरू करायचं ते तेच ठरवतील. इकडे कुणी सांगितलेला आकडा, मी सांगितला तरी, घेऊ नका. तोपर्यंत पाणी भरपूर, शुगर दिवसातून तीन-चार वेळा बघा, आणि उलट्या, धाप, खूप गुंगी असं काही दिसलं तर सरळ दवाखाना. रिफिल बाजूला काढून ठेवा. एकतर ४० ची बाटली मिळवा आणि लाल सिरींज, नाहीतर डॉक्टरांना विचारून त्या रिफिलचं पेनच घ्या. पेनवर १० फिरवलं की १० च जातं, तिथं हिशोब करायला लागत नाही. पण रिफिलमध्ये सिरींज खुपसून औषध काढायचं नाही म्हणजे नाही, अगदी अडचणीत असलात तरी.

आणि फक्त रंगावर जाऊ नका हो, ४० ची लाल आणि १०० ची केशरी, ट्यूबलाईटच्या उजेडात म्हाताऱ्या माणसांना दोन्ही सारखीच दिसतात. छापलेला आकडा वाचायचा. बाटलीवर ४० तर सिरींजवर ४०. दर वेळी नवीन बाटली आणली की हे एकदा मोठ्यानं वाचायचं, मी माझ्या पेशंटच्या घरच्यांकडून हे म्हणवूनच घेते.

---

एडिसनचा जोशी

हे वाचून अंगावर काटा आला कारण आमच्याकडे याच्या बरोबर उलटं झालं होतं. मी न्यू जर्सीला असतो, बाबा सहा महिन्यांसाठी आले होते, येताना ठाण्याहून ४० च्या बाटल्या भरपूर आणल्या पण सिरींज दोन महिन्यांतच संपल्या. मी इथल्या फार्मसीतून इन्सुलिन सिरींजचा डबा आणून दिला. इथे माणसांसाठी बहुतेक १०० चंच असतं, सिरींज पण त्याच मापाच्या, ४० चं इन्सुलिन इथे कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरकडे मिळतं, हे मला नंतर कळलं. बाबा २० च्या खुणेपर्यंत भरायचे, आणि प्रत्यक्षात जायचे ८ युनिट. तीन आठवडे शुगर चढतच गेली, २८०, ३००, ३४०, आणि आम्ही सगळे बाबांच्या मागे लागलो की तुम्ही गुपचूप गोड खाताय. बाबा बिचारे शपथा घेत होते. शेवटी इथल्या नर्सनं बाटली हातात घेऊन बघितली तेव्हा उलगडा झाला. त्यांना तेव्हा जे बोललो ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

ज्यांचे आईवडील परदेशी येणार आहेत त्यांनी सिरींज तिकडूनच मोजून जास्तीच्या आणा, आणि इन्सुलिन विमानात हँडबॅगमध्येच ठेवा, खाली सामानात टाकलं तर तिथे गोठू शकतं. प्रिस्क्रिप्शनची कॉपी सोबत ठेवा.

---

अकोलेकर

गोठण्यावरून आठवलं म्हणून लिहितो. आमच्या काकूची बाटली फ्रीजमध्ये अगदी मागं, बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेली असायची. एकदा गोठली, कुणाच्या लक्षात नाही, वितळल्यावर तीच वापरली. शुगर उतरेना म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला, दोनदा वाढवला. मग ती बाटली संपली, नवीन चांगली बाटली आली आणि वाढवलेला डोस तसाच दिला, दुपारी काकू स्वयंपाकघरात पडली. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी बाद, फेकूनच द्यायचं. मिक्सवाल्यात बाटलीच्या काचेला पांढरे कण चिकटलेले दिसले किंवा हलवून पण गुठळ्या राहिल्या तर वापरायचं नाही.

फ्रीजच्या दारात ठेवायचं, २ ते ८ डिग्रीत. चालू बाटली बाहेर ठेवली तरी चालते, साधारण चार आठवडे, पण थंड खोलीत, आणि उघडली त्या दिवसाची तारीख बाटलीवर पेनानं लिहून ठेवायची. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं, लाईट पण जाते, तेव्हा आम्ही माठात ठेवतो. छोट्या मातीच्या मडक्यात बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून, ती डबी बंद करून, मडक्याला बाहेरून ओलं फडकं. बाटलीला पाणी लागू द्यायचं नाही. फ्रीजइतकं थंड होत नाही पण खोलीपेक्षा बरंच थंड राहतं. मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवून बाजारात फिरायचं नाही, हे शेतावर जाणाऱ्यांना विशेष सांगतो.

---

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ताईंचं वाचल्या वाचल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि आज सकाळी अण्णा-आईला बोलवलं. क्रिएटिनिन करून घेतलं कारण म्हणाले किडनी मंदावली असेल तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, ते नॉर्मल आलंय. मग आईच्या पोटावर हात फिरवून बघितलं तर बेंबीच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ. चार महिने अण्णा एकाच जागी टोचत होते कारण आई म्हणायची तिथं दुखत नाही. डॉक्टर म्हणाले गाठीत दिलेलं औषध कधी उशिरा लागतं कधी एकदम लागतं, जागा बदला. हे आम्हाला माहीतच नव्हतं. जागा कशी बदलायची कुणी सांगेल का, आणि आई एकादशी आणि संकष्टी सोडत नाही, त्याचं काय करायचं ते घाईत विचारायचं राहिलं.

---

वैदेही

दादा मी माझ्या सासूबाईंना सहा वर्षं इन्सुलिन देतेय, जे शिकले ते सांगते.

तिथं दुखत नाही म्हणूनच माणूस त्याच जागी टोचत राहतो आणि तिथंच गाठ मोठी होते. आम्ही पोटाचे चार भाग धरलेत, बेंबीपासून चार बोटं जागा सोडून, वरती उजवीकडं, वरती डावीकडं, खाली उजवीकडं, खाली डावीकडं, एका आठवड्याला एक भाग. त्या भागात पण रोज बोटभर सरकायचं. कॅलेंडरवर बाण काढून ठेवते, त्यामुळं मी माहेरी गेले तरी सासऱ्यांना कळतं आज कुठं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला पण चालतं. गाठ असलेली जागा पूर्ण सोडून द्या, पण एक लक्षात ठेवा, गाठीतून चांगल्या जागी आलं की तेवढंच औषध जास्त लागू होऊ शकतं, म्हणून पहिले आठ-दहा दिवस शुगर जास्त वेळा बघा, आणि डॉक्टरांनी गाठ बघूनच डोस सांगितलाय ना हे एकदा खात्री करून घ्या.

मिक्सवालं दुधासारखं दिसतं, खाली साका बसतो. भरायच्या आधी बाटली दोन तळहातांत धरून वळवायची, दहा-वीस वेळा, सगळं एकसारखं पांढरं होईपर्यंत. खडाखडा हलवायची नाही, फेस येतो आणि मग डोस कमीजास्त होतो. सुई टोचल्यावर औषध गेलं की दहापर्यंत मोजून मगच बाहेर काढायची. नंतर चोळायचं नाही. सुई दर वेळी नवीन, एवढं तरी पाळा.

आता उपवास. मी स्वतः उपवास करते त्यामुळं कुणाला करू नका म्हणताना जीव खालीवर होतो, पण इन्सुलिन घेतलं आणि जेवलं नाही हे चालतच नाही. संकष्टी तर सगळ्यात अवघड, कारण दिवसभर थोडंफार खाल्लेलं असतं आणि जेवण चंद्रोदयाला, तो कधी नऊला कधी साडेनऊला, आणि घरात सवयीनं सातला इंजेक्शन देऊन टाकतात. मग दोन-अडीच तास पोटात काही नाही आणि औषध मात्र कामाला लागलेलं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की इंजेक्शन घड्याळाला नाही, ताटाला बांधलेलं आहे. साधं ३०/७० असेल तर जेवणाच्या अर्धा तास आधी, काही नवीन मिक्स प्रकार अगदी ताटावर बसताना घ्यायचे असतात, तुमचं कोणतं ते विचारून घ्या. एकादशीला उलटं होतं, साबुदाणा, बटाटा, रताळं, शुगर आधी उडी मारते आणि संध्याकाळी खाली येते. सासूबाईंनी शेवटी वर्षाच्या दोन मोठ्या एकादशा ठेवल्या, त्या पण डॉक्टरांकडून त्या दिवसाचा वेगळा डोस आधी लिहून घेऊन, आणि बाकीच्या वेळी तुळशीला पाणी आणि हरिपाठ. आईंना तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्या वयाच्या कुणी सांगितलं तर ऐकतील.

---

साधा माणूस

माझं मत विचाराल तर अण्णा म्हणतात ते बरोबर आहे. इन्सुलिन एकदा सुरू झालं की शरीराला सवय लागते आणि मग सुटत नाही. आमच्या गल्लीत एकाला सुरू केलं आणि वर्षात डोळे गेले. कारलं-जांभूळ बी करून बघा.

---

मिरजेची सिस्टर

दादा, तुम्ही काळजीनं लिहिलंय हे कळतं, पण हे वाचून कुणी इंजेक्शन सोडलं तर त्याचे हाल होतील म्हणून उत्तर देते. इन्सुलिन हे आपल्या अंगातच बनतं. सतरा वर्षांच्या शुगरनंतर स्वादुपिंड थकलेलं असतं, गोळ्या त्याच्याकडून अजून किती काढणार. जे कमी पडतंय ते बाहेरून देतो, त्याला सवय म्हणत नाहीत. काही जणांचं नंतर कमी होतं, बंद पण होतं, काहींचं होत नाही. डोळे जातात ते वर्षानुवर्षं चढलेल्या शुगरनं, आणि इंजेक्शनपर्यंत यायला लोक इतका उशीर करतात की तोवर पडद्याला इजा झालेली असते, नाव मात्र इंजेक्शनचं होतं. ब्रिटनमध्ये हजारो टाईप टू पेशंटवर वीस वर्षं अभ्यास झाला, १९९८ ला आला, त्यात शुगर ताब्यात ठेवलेल्या लोकांचे डोळे-किडनीचे त्रास साधारण पाव हिश्श्यानं कमी झाले, आणि त्यात इन्सुलिनवाले पण होते. डोळ्यांची तपासणी मात्र वर्षातून एकदा कराच, इन्सुलिन असो वा नसो. कारलं भाजी म्हणून खुशाल खा, इंजेक्शनच्या बदल्यात नको.

कृष्णाकाठच्या दादा, एक राहिलं होतं. शुगर ७० च्या खाली म्हणजे उपचार लगेच. तीन चमचे साखर पाण्यात किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर, पंधरा मिनिटांनी परत मीटर, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. वर आली की लगेच पोळी-भाजी, दूध-पोहे असं काहीतरी पोटात, कारण साखर पटकन उतरून जाते आणि मिक्स इन्सुलिनचा संथ भाग तासन्‌तास काम करत असतो. खरं तर रविवारी २५ युनिट गेल्यावर आईला रात्रीच दवाखान्यात न्यायला हवं होतं, शुगर पहाटे परत पडू शकली असती. कधी माणूस बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ठसका लागून छातीत जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. आईला बीपीची कोणती गोळी आहे ते पण बघा, काही गोळ्यांनी धडधड-थरथर कळत नाही, फक्त घाम येतो. उशाशी साखरेची डबी ठेवा, अंधारात सापडेल अशी.

आणि आठवड्याच्या इंजेक्शनचं विचारलं होतं. सेमाग्लुटाईड, टिर्झेपटाईड ही चांगली औषधं आहेत, पण ती इन्सुलिन नाहीत. ती भूक कमी करतात, पोट हळू रिकामं होतं, वजन उतरतं, सुरुवातीला मळमळ-उलट्या होतात म्हणून अगदी कमी डोसपासून चढवत नेतात. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली असेल किंवा घरात थायरॉईडचा एका विशिष्ट प्रकारचा कॅन्सर असेल तर देत नाहीत. तुमच्या आई आधीच ४७ किलोच्या, त्यांची भूक अजून कमी करायची का हा विचार डॉक्टर करतील. इन्सुलिन थांबवून त्याऐवजी हे, असं घरच्या घरी तर मुळीच करायचं नाही.

---

कृष्णाकाठचा

आज बारावा दिवस, कळवायचं राहू नये म्हणून लिहितोय. डॉक्टरांनी गाठ बघून डोस थोडा कमी करून सुरू केलाय, ४० ची बाटली आणि लाल सिरींज. मी शनिवारी गावी गेलो होतो, अण्णांसोबत बसून दोन वेळा भरून बघितलं. फ्रीजच्या दाराला कागद चिकटवलाय, बाटली ४० सिरींज ४०, मोठ्या अक्षरात. अण्णा आता भरताना खरंच मोठ्यानं वाचतात, आई पलंगावरून ऐकत असते आणि हो म्हणते. मेडिकलवाल्याला पण जाऊन समजावून सांगितलं, तो म्हणाला मला वाटलं घरी पेन असेल. म्हणजे मुद्दाम कुणीच काही केलं नव्हतं.

उपाशीपोटीची काल १५८, आज १४९. वापरलेल्या सुया अण्णा आत्तापर्यंत कचऱ्यातच टाकत होते, आता तेलाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकतात, झाकण लावून. भरला की कुठं द्यायचा?

---

वैदेही

डबा चिकटपट्टीनं बंद करून वर सुया आहेत असं लिहा आणि तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात विचारा, त्यांच्याकडं असा कचरा न्यायला वेगळी गाडी येते, बरेच जण घेतात. आमच्या सोसायटीत कचरा वेचणाऱ्या मावशींच्या बोटात एकदा सुई गेली होती, तेव्हापासून मी झाकण पण टेपनं बांधते. आईंना नमस्कार सांगा.